भूकंपाची चाहूल लागते काय?

आमोस नबीच्या पुस्तकात अगदी आरंभी एका भूकंपाचा उल्लेख येतो. नबीला दर्शन केव्हा झाले हे सांगताना यहूदाच्या उज्जीया राजाचे नाव दिले आहे आणि त्याबरोबर भूकंपाच्या दोन वर्षे आधीचा काळ, अशीही खूण नोंदवली आहे. तो भूकंप कोणता, हे स्पष्ट करण्याची त्या काळी गरज नव्हती. ऐकणाऱ्या प्रत्येकास तो ठाऊक होता. पुढे कित्येक पिढ्यांनंतर जखऱ्या नबीच्या पुस्तकातही त्याच भूकंपापुढे लोकांची कशी पळापळ झाली ह्याची आठवण निघते. हासोरच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातील कललेल्या भिंती मिळाल्या, आणि २०२१ मध्ये यरुशलेमच्या दावीदनगरातही त्याच काळातील पडझडीचा थर उजेडात आला. म्हणजे ही केवळ कथा नव्हे. ज्या भूमीत आपण येऊन स्थिरावलो, ती भूमी हलणारी आहे, हे आपल्या पूर्वजांस चांगले माहीत होते.

परंतु त्यांनी त्या भूकंपावरून काळ मोजला तो भूकंप होऊन गेल्यावर. आपल्या लोकांना आज पडणारा प्रश्न नेमका उलट्या दिशेचा आहे. पुढचा भूकंप केव्हा? त्याची काही चाहूल आधी लागते काय?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात एकाच दिवशी दोन प्रचंड भूकंप झाले. तुर्कस्तान व सीरिया मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. पहिल्या धक्क्याची थरथर आपल्या देशातही अनेकांस जाणवली, आणि त्यानंतर घरोघरच्या दूरध्वनींवर संदेशांचा पूर लोटला. एका डच गृहस्थाने तीन दिवस आधीच भविष्य वर्तवले होते, ग्रहांच्या युतीवरून त्याला सारे कळते, आता पाळी आपली, असा त्यांतील एकाचा मथितार्थ. त्या गृहस्थाचे ३ फेब्रुवारीचे वाक्य आम्ही मुद्दाम पाहिले. ह्या प्रदेशात आज ना उद्या मोठा भूकंप होईल, एवढेच त्यात होते. आज ना उद्या मोठा भूकंप होईल, हे तर त्या भागाविषयी कोणीही भूगर्भशास्त्रज्ञ पन्नास वर्षांपूर्वीही सांगू शकला असता. पंचांगातील ग्रहदशा आम्ही मुंबई बंदरावर सोडून आलो अशी आमची समजूत होती. ती आता खिशातल्या यंत्रातून पुन्हा घरात शिरली आहे.

भाकीत म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. कोठे, केव्हा आणि किती मोठा, ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर घटनेपूर्वी, आणि चुकल्यास चुकले असे म्हणता येईल इतक्या स्पष्ट शब्दांत दिले, तरच ते भाकीत. ह्यांपैकी कोठे आणि किती मोठा, ह्याविषयी शास्त्राने बरीच मजल मारली आहे. केव्हा, हा प्रश्न मात्र अडून बसला आहे.

आपल्या देशापुरते बोलायचे तर कोठे ह्याचे उत्तर नकाशावर सरळ रेघेसारखे दिसते. एलातच्या आखातापासून अरावा, मृत समुद्र, यार्देनचे खोरे, किन्नेरेत सरोवर आणि पुढे लेबानोनपर्यंत भूकवचाला एक लांब भेग आहे. तिच्या पूर्वेची भूमी पश्चिमेच्या मानाने उत्तरेकडे सरकते, वर्षाला सुमारे चार ते पाच मिलिमीटर. आपल्या बोटाची नखे ह्याहून कितीतरी वेगाने वाढतात. पण भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींत घट्ट अडकलेल्या असल्याने वर वर्षानुवर्षे काहीच हालत नाही. ताण तेवढा साठत राहतो, आणि एके दिवशी शतकाचे सरकणे काही सेकंदांत होते. इसवी सन ७४९ मध्ये बेथ-शेआन नगर असेच जमीनदोस्त झाले. १ जानेवारी १८३७ रोजी सफेद व तिबेरियास येथे हजारो माणसे मेली; सफेदला उतारावर एकावर एक रचलेली यहुदी मोहल्ल्याची घरे वरून खाली एकमेकांवर कोसळली. ११ जुलै १९२७ रोजी दुपारी मृत समुद्राच्या उत्तरेस धक्का बसला आणि यरुशलेम, यरीहो, शखेम येथे पडझड झाली. ज्या लोद व रामले येथे आज आपली इतकी कुटुंबे राहतात, त्या गावांचे त्या दिवशी फार नुकसान झाले. तेथील जमीन खडकाची नसून गाळाची आहे, आणि अशा जमिनीत थरथर वाढते. २२ नोव्हेंबर १९९५ चा एलातच्या आखातातील धक्का तर वाचकांपैकी पुष्कळांनी स्वतः अनुभवला असेल.

आता ह्या सनांकडे पाहून हिशेब मांडण्याचा मोह होतो. १८३७ पासून १९२७ पर्यंत नव्वद वर्षे. मग त्यापुढे नव्वद मिळवले की झाले! हा हिशेब आम्ही स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याप्रमाणे भूकंप २०१७ मध्ये व्हायला हवा होता. शिवाय १८३७ चा भूकंप भेगेच्या उत्तर टोकाकडला आणि १९२७ चा मृत समुद्राकडला. दोन वेगवेगळ्या घड्याळांच्या ठोक्यांतील अंतर मोजून तिसरा ठोका कसा सांगावा?

ज्या ठिकाणी घड्याळ खरोखर एकच होते, तेथेही हा हिशेब फसला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड ह्या लहानशा वस्तीपाशी १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ ह्या वर्षी जवळजवळ सारखेच भूकंप झाले. सरासरी अंतर बावीस वर्षांचे. शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केले की पुढचा १९८८ च्या सुमारास, आणि फार तर १९९३ च्या आत होईल. जमिनीत नाना तऱ्हेची सूक्ष्म यंत्रे बसवून त्यांनी तेथे जणू ठाण मांडले. १९९३ उलटले. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ रोजी. जागा बरोबर, आकार बरोबर, वेळ अकरा वर्षांनी चुकली. त्याहून विशेष गोष्ट ही की, इतकी यंत्रे कान लावून बसली असताना त्यांतील एकाही यंत्राला आदल्या दिवशी भरवसा ठेवावा अशी कसलीही चाहूल लागली नाही.

चाहूल लागावी असे वाटण्यामागचा तर्क मात्र खुळा नाही. वाळलेला बांबू मोडण्यापूर्वी कडकडतो. तसा भूगर्भातला खडकही फुटण्याआधी त्यात बारीक तडे पडत असावेत, त्या तड्यांत पाणी शिरत असावे, विहिरींची पातळी बदलत असावी, खडकात अडकलेला रेडॉन नावाचा वायू मोकळा होत असावा, आणि लहान लहान धक्के बसत असावेत. १९६६ मध्ये ताश्कंदला भूकंप झाला त्याआधी तेथील एका खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉनचे प्रमाण वाढत गेले होते, असे नंतर दिसून आले. १९७० नंतरच्या काही वर्षांत तर हा प्रश्न आता सुटलाच, अशी आशा मोठमोठ्या विद्वानांनी बाळगली होती.

त्या आशेचे कळस म्हणजे चीनमधील हायचेंग. १९७४ च्या हिवाळ्यात त्या भागात बिळांतून साप बाहेर येऊन थंडीने गोठून मेलेले आढळले. विहिरींचे पाणी कोठे गढूळ झाले, कोठे चढले. १ फेब्रुवारी १९७५ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची संख्या शेकड्यांत गेली. ४ फेब्रुवारीस काही तालुक्यांतील अधिकाऱ्यांनी लोकांना कडाक्याच्या थंडीत घराबाहेर काढले, आणि त्याच सायंकाळी सात वाजून छत्तीस मिनिटांनी ७.३ मापाचा भूकंप झाला. सुमारे दोन हजार माणसे गेली, त्यांतील काही शेकडा तर थंडीने आणि तात्पुरत्या निवाऱ्यांना लागलेल्या आगींनी. पण घरात राहिली असती तर मृतांचा आकडा अनेक पटींनी वाढला असता ह्यात शंका नाही. जगभर गाजावाजा झाला. पुढे कागदपत्रे तपासली तेव्हा असे दिसले की, लोकांना वाचवणारी खरी खूण साप नव्हते आणि विहिरीही नव्हत्या. आदल्या दिवसापासून लागोपाठ बसणारे धक्के हीच ती खूण, आणि काही स्थानिक माणसांनी दाखवलेली हिंमत.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी पहाटे, त्याच चीनमध्ये तांगशान शहर झोपेत गाडले गेले. अधिकृत आकडा दोन लक्ष बेचाळीस हजारांवर. पूर्वसूचनेचे लहान धक्के तेथे बसलेच नव्हते.

लहान धक्के ही सर्वांत विश्वासू वाटणारी खूण. पण तीही कशी दगा देते, ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत धक्के बसत होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के थांबले. महिने गेले, पाऊस आला नि गेला, आणि माणसे पुन्हा आपल्या घरांत निजू लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून दमलेली गावे गाढ झोपेत असताना, ६.२ मापाचा धक्का आला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे माणसांच्या अंगावर आले. नऊ-दहा हजार जीव गेले.

ती रात्र आपल्या गणनेने तिश्री महिन्याची पंधरावी, म्हणजे सुक्कोथची पहिली रात्र होती. त्या रात्री येथे आपली मुलेबाळे झावळ्यांच्या मांडवात बसून जेवली होती. असा मांडव डोक्यावर पडला तरी फार तर खरचटते. तिकडे किल्लारीत ज्या दगडी घराने उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळ केला, तेच घर वैरी झाले. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हापासून सुक्काची उभारणी आम्हांस थोडी निराळी दिसू लागली आहे.

कोयनेचीही कथा हीच. धरणाच्या जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लगोलग भोवतालची जमीन कुरकुरू लागली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला, आणि ११ डिसेंबरच्या पहाटे खरा भूकंप झाला. तो मुंबईपर्यंत जाणवला. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांत त्या पहाटे जागे झालेले अनेकजण असतील. सुमारे दोनशे माणसे मेली. सप्टेंबरचा धक्का हा पुढच्या भूकंपाचा निरोप होता, हे डिसेंबरात समजले. जगात धरणाच्या पाण्यामुळे जेथे भूकंप होतात त्यांत कोयनेचे नाव पहिल्या ओळीत घेतात, आणि तेथील धक्के एवढ्याशा टापूत सीमित असल्यामुळे अभ्यासकांना ते क्षेत्र प्रयोगशाळेसारखे वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ नंतर तेथे जवळजवळ यंत्रे बसवून ४ मापाच्या आसपासच्या काही धक्क्यांचा अंदाज आधी सांगितला व तो खरा ठरला. त्याच क्षेत्रात तीन किलोमीटर खोल विवरही घेण्यात आले. हे काम मोलाचे आहे. पण ४ मापाचा धक्का म्हणजे भांडी वाजणे. त्यावरून ६ मापाच्या भूकंपाची तारीख कळू लागली असे कोणी मानू नये.

आता दुसरी बाजू पाहा. जुलै २०१८ मध्ये किन्नेरेतच्या परिसरात दिवसामागून दिवस धक्के बसत होते. तिबेरियासचे लोक धास्तावले, शाळा-इमारतींच्या मजबुतीची चर्चा वृत्तपत्रांत सुरू झाली. मग धक्के विरले, आणि मोठे काहीच झाले नाही. किल्लारीचे धक्के आणि किन्नेरेतचे धक्के ह्यांत त्या त्या वेळी यंत्रावर दिसणारा फरक कोणता? दाखवता येईल असा कोणताही नाही. कॅलिफोर्नियातील नोंदींचा अनुभव असा की, मध्यम धक्क्यानंतर काही दिवसांत त्याहून मोठा भूकंप येण्याचा प्रसंग शंभरांत सुमारे पाच वेळा येतो. पंचाण्णव वेळा बांबू नुसताच कडकडतो. धक्का पुढच्या संकटाचा अग्रदूत होता की नाही, हे ते संकट आल्यावरच ठरते.

म्हणून अशा वेळी शास्त्रज्ञाने काय सांगावे, हाही अवघड प्रश्न होऊन बसतो. इटलीतील लाक्विला शहराला २००९ च्या आरंभी महिनोन्‌महिने धक्के बसत होते. एका तंत्रज्ञाने रेडॉनच्या मोजणीवरून भूकंपाचा इशारा दिला, पण त्याने धोका दाखवला तो दुसऱ्याच गावाला. अधिकाऱ्यांनी मग लोकांना धीर दिला की काळजीचे कारण नाही. ६ एप्रिलच्या रात्री भूकंप झाला आणि ३०९ माणसे मेली. पूर्वी धक्के बसले की अंगणात जाऊन रात्र काढण्याची तेथल्या लोकांची रीत होती; धीर मिळाल्यामुळे काहींनी ती त्या रात्री पाळली नाही. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी ह्यांना सहा सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना मुक्त केले व अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली. भाकीत चुकले म्हणून तो खटला नव्हता, हे पुष्कळांस माहीत नसते. ठाऊक नसताना निर्धास्त राहा असे सांगितले, हा आरोप होता. आम्हांस तो आरोप अगदीच गैर वाटत नाही.

शोध चालूच आहे. २०२३ मध्ये फ्रान्समधील दोन संशोधकांनी जगातील नव्वद मोठ्या भूकंपांच्या आधीच्या नोंदी एकत्र केल्या आणि उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची हालचाल मोजणाऱ्या यंत्रांत भूकंपापूर्वी दोन तास बारीकशी सरकण दिसते, असे मांडले. थोड्याच दिवसांत इतर अभ्यासकांनी दाखवले की सर्व यंत्रांत सारखाच शिरणारा दोष वजा केला तर ती सरकण नाहीशी होते. निराश होण्याचे कारण नाही. शास्त्र असेच चालते. मात्र आज ह्या घडीला पृथ्वीवर कोणीही, कोणत्याही खुणेवरून, मोठ्या भूकंपाचा दिवस सांगू शकत नाही. जो सांगतो त्याचा संदेश पुढे धाडू नये, ही आमची वाचकांस विनंती आहे.

आपल्यातील काही श्रद्धाळू मंडळी प्रत्येक धक्क्यात ईश्वराचा निरोप शोधतात. त्यांनी मलिद्याच्या वेळी ज्यांचे स्मरण आपण करतो त्या एलियाहू हन्नाबींची होरेब डोंगरावरील कथा पुन्हा वाचावी. तेथे वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातही नसतो.

भाकीत नाही, पण सेकंदांची सूचना आता आहे. २०२२ पासून आपल्या देशात भूकंपाच्या तत्काळ इशाऱ्याची यंत्रणा सुरू झाली. तिचे नाव तेरुआ, रोश हशानाला शोफारातून निघणाऱ्या नादाचे. भेगेच्या काठाने शंभराहून अधिक मापनकेंद्रे उभी आहेत. भूकंप सुरू झाला की पहिली, सौम्य लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, आणि घरे पाडणारी दुसरी लाट सुमारे साडेतीन. पहिली लाट टिपून दुसरी पोहोचण्याआधी भोंगा वाजवायचा, एवढीच युक्ती. (कुत्री-मांजरे क्षणभर आधी बिथरतात, ते बहुधा ह्याच पहिल्या लाटेमुळे.) अश्दोद भेगेपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे दुसऱ्या लाटेला वीस-बावीस सेकंद लागतील. डिमोना मृत समुद्राच्या दक्षिण भागापासून पस्तीसेक किलोमीटर. तेथे दहाच सेकंद, आणि त्यांतले काही इशारा निघण्यातच जाणार. धक्का जेथे उगम पावेल त्याच्या अगदी डोक्यावरच्या गावाला भोंगा आधी ऐकू येणेच शक्य नाही.

एवढ्या वेळात माणूस काय करील, हे तो कोणत्या घरात आहे त्यावर अवलंबून आहे. डिमोना, येरुहाम, लोद, किर्यात गात येथील शिकूनमध्ये आपल्या पहिल्या पिढीला घरे मिळाली. ती बहुतेक १९५० ते १९७५ च्या दरम्यान बांधलेली. भूकंपात टिकेल असे बांधकाम कसे करावे ह्याचे इस्राएली मानक, क्रमांक ४१३, तयार झाले १९७५ मध्ये, आणि सरकारने जुन्या-नव्याची सीमारेषा धरली ती १९८० ची. त्यातही ज्या इमारती नुसत्या खांबांवर उभ्या आहेत, खाली मोटारी ठेवायला मोकळी जागा, वर तीन-चार मजले, त्यांचे खांब प्रथम दगा देतात. कारण वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो, खालच्याला नसतो. जुन्या इमारती मजबूत करण्यासाठी २००५ मध्ये तामा ३८ ही योजना निघाली. वर जादा घरे बांधून विकायची आणि त्या पैशांतून खालची इमारत भक्कम करायची, असा तिचा व्यवहार. जेथे जागेला सोन्याचा भाव तेथे, तेल अवीव व रामात गान येथे, बांधकाम करणारे धावत आले. डिमोनात किंवा बेथ-शेआनात, जेथे भेग जवळ आणि घराला भाव कमी, तेथे फारसे कोणी फिरकले नाही. त्या योजनेची मुदत संपून तिच्या जागी नव्या तरतुदी आल्या, तरी हा मूळचा पेच सुटलेला दिसत नाही. आमच्या मते समाजाच्या संघटनांनी नगरपालिकांपुढे धरून बसावे असा हा प्रश्न आहे. निदान प्रत्येक इमारतीच्या वाद बायितने आपल्या घराचा परवाना कोणत्या वर्षीचा, एवढे तरी नगरपालिकेत जाऊन पाहावे आणि एखाद्या अभियंत्याकडून खांब तपासून घ्यावेत.

पिकूद हाओरेफच्या सूचना अशा: तळमजल्यावर असाल किंवा काही सेकंदांत बाहेर पडता येत असेल तर उघड्या जागी जावे. ते शक्य नसल्यास ममादमध्ये, ममाद नसल्यास जिन्यात. तेही न साधल्यास जड मेजाखाली किंवा आतल्या भिंतीशी बसावे. गेल्या काही वर्षांत क्षेपणास्त्रांच्या भोंग्यांनी आपल्या मुलांना ममादमध्ये शिरून लोखंडी दार घट्ट लावण्याची सवय झाली आहे. भूकंपाच्या वेळी ते दार उघडे ठेवायचे असते, कारण भिंत हलून चौकट वाकली तर ते आतून उघडत नाही. घरातील वृद्धांना आणि नातवंडांना हा फरक एकदा दारापाशी नेऊन, दार उघडझाप करून दाखवावा.